वाईट विज्ञानपट पाहण्यात एवढा आनंद का वाटावा?

अभ्रक

विज्ञानकथा मी गांभीर्याने वाचतो. कथेतले गृहीतक कुठवर टिकते, लेखकाने त्याचे परिणाम शेवटपर्यंत नेले आहेत की मध्येच वाऱ्यावर सोडले आहेत, याची चिकित्सा केल्याशिवाय मला पुस्तक मिटवत नाही. अशा माणसाला दोऱ्याला लटकलेल्या उडत्या तबकड्या, पुठ्ठ्याची अवकाशयाने आणि बोलता बोलता मुखवटा सावरणारे परग्रहवासी पाहून वैताग यायला हवा. प्रत्यक्षात मी असे चित्रपट शोधून काढतो, पुन्हा पुन्हा पाहतो, आणि काल काय पाहिले असे कोणी विचारलेच तर दुसऱ्याच एखाद्या प्रतिष्ठित चित्रपटाचे नाव सांगतो.

उदाहरणादाखल १९५३ सालचा ‘रोबॉट मॉन्स्टर’ घेऊ. दिग्दर्शक फिल टकर यांना यंत्रमानव हवा होता, पण त्याचा पोशाख करून घेण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते. जॉर्ज बॅरोज या नटाकडे मात्र स्वतःच्या मालकीचा गोरिलाचा पोशाख होता. टकर यांनी त्याला बोलावले, गोरिलाच्या डोक्याच्या जागी पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे काहीतरी बसवले, आणि अखिल मानवजातीचा संहार करायला परग्रहावरून आलेला ‘रो-मॅन’ तयार झाला. त्याच्या गुहेतल्या संदेशयंत्रातून सतत साबणाचे फुगे निघत असतात, आणि ते फुगे सोडणाऱ्या यंत्राचा श्रेयनामावलीत सन्मानाने उल्लेख आहे. हे सगळे चार दिवसांत चित्रित झाले.

इथपर्यंत हसू येते, आणि ते का येते हेही कळते. परंतु पुढे रो-मॅनला वरिष्ठांकडून उरलेल्या मुलीला ठार करण्याचा हुकूम सुटतो. तिच्यावर तर त्याचा जीव जडलेला असतो. तेव्हा तो केसाळ देह उजाड टेकड्यांमध्ये एकटाच उभा राहून विचारतो की, ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करवत नाही’ या दोन गोष्टी आलेखावर नेमक्या कोणत्या बिंदूत भेटतात? या प्रसंगी मला हसू आवरत नाही, आणि त्याच वेळी त्या गोरिलाची मनापासून कीव येते. ही कीव कुठून येते ते मला उलगडलेले नाही.

माझी अडचण अशी आहे की, इतक्याच वाईट कौटुंबिक किंवा गुन्हेगारी चित्रपटासमोर मी दहा मिनिटेही बसू शकत नाही. अभिनय तसाच, संवाद तसेच, प्रकाशयोजना तशीच असते. मग विज्ञानपटालाच ही सवलत का? शिवाय अलीकडे ठरवून वाईट बनवलेले विज्ञानपट निघतात, ज्यांत चक्रीवादळातून शार्क मासे शहरावर कोसळतात. हे चित्रपट माझ्यासारख्यांसाठीच बनवले जात असावेत, आणि तरीही ते मला कोरडेच ठेवतात. एक तिसरी शंका यांच्याही आधी विचारायला हवी होती: हा आनंद म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या फजितीला हसणेच असेल, तर त्याला कलेच्या आस्वादाची झूल चढवण्यात काय अर्थ आहे?

चित्रफीत

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, विषय आणि साधने यांच्यातल्या अंतरात आहे. कौटुंबिक चित्रपटाला दोन खोल्या, चार माणसे आणि एक भांडण पुरते. तो फसला तर लेखनात किंवा अभिनयात फसतो आणि पडद्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही. विज्ञानपटाचा लेखक मात्र ‘मंगळावरचे नगर उद्ध्वस्त होते’ अशी एक ओळ लिहून मोकळा होतो, आणि ती ओळ पडद्यावर आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडते त्याच्याजवळ एक गॅरेज, थोडा रंग आणि आठवड्याअखेरची मुदत एवढेच असते. आपल्याला ते नगर आणि ते गॅरेज एकाच चौकटीत दिसते. वाईट गुन्हेगारी चित्रपटात एवढे मोठे अंतर कधी निर्माणच होत नाही, कारण खरे पिस्तूल आणि खरी मोटार कोणालाही मिळते. खरा परग्रह कोणालाच मिळत नाही.

हे अंतर निर्माण होण्यामागे त्या काळच्या धंद्याची रचना होती. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे वेगळी काढावी लागली. पाठोपाठ दूरचित्रवाणी घरोघर पोचली आणि स्टुडिओंनी दुय्यम, स्वस्त चित्रपटांतून अंग काढून घेतले. चित्रपटगृहांना आणि ड्राइव्ह-इनच्या (मोटारीत बसूनच पाहायच्या उघड्यावरच्या चित्रपटगृहांच्या) मालकांना मात्र एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायचे होते. ही गरज अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या छोट्या कंपन्यांनी ओळखली. त्यांच्याकडे अनेकदा आधी चित्रपटाचे नाव ठरे, मग भित्तिपत्रक रंगवले जाई, आणि ते वितरकांना पसंत पडले तर पटकथा लिहायला घेतली जाई. भित्तिपत्रकावर कितीही उंच राक्षस काढला तरी खर्च वाढत नाही. कागदावर दिलेला शब्द पाळण्याची वेळ कॅमेऱ्यासमोर येते.

स्वस्त चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी १९५६ सालच्या ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’बद्दल सांगितलेला किस्सा या दृष्टीने बोलका आहे. चित्रपटातला राक्षस शुक्रावरून आलेला आहे, आणि तिथले गुरुत्वाकर्षण फार जोरदार असणार असे गृहीत धरून तो बुटका, बसका आणि जमिनीलगत पसरलेला असा रचला गेला. (शुक्राचे गुरुत्वाकर्षण प्रत्यक्षात पृथ्वीपेक्षा किंचित कमी आहे, पण विचार करण्याची पद्धत शास्त्रीय होती हे मान्य करावे लागते.) चित्रीकरणाच्या वेळी नायिका बेव्हर्ली गार्लंड त्या प्राण्यासमोर जाऊन उभी राहिली, जग जिंकायला तू आलास काय, असे म्हणाली आणि तिने त्याला लाथ हाणली. राक्षस नेहमी नायिकेपेक्षा उंच असावा, हा धडा आपण त्या दिवशी शिकलो, असे कॉर्मन सांगत असत. या एका प्रसंगात मला या साऱ्या चित्रपटांचा स्वभाव दिसतो: कोणीतरी मनापासून विचार केलेला असतो, तो विचार चुकीच्या जागी केलेला असतो, आणि दुरुस्तीला हाताशी जेमतेम एक दुपार असते.

कलाकारांना आपण फार लवकर हसतो, म्हणून १९५७ सालच्या ‘द जायंट क्लॉ’चा उल्लेख करतो. प्रतिद्रव्याच्या कवचाने संरक्षित असा एक महाकाय पक्षी दुसऱ्या दीर्घिकेतून येतो आणि विमाने गिळत सुटतो, ही त्याची कथा. तो पक्षी चित्रीकरणाच्या काळात कलाकारांना दाखवण्यातच आला नव्हता. नायकाची भूमिका करणारे जेफ मॉरो आणि त्यांचे सहकारी रिकाम्या आकाशाकडे पाहून भयभीत होत होते, सेनाधिकाऱ्यांशी गंभीर चर्चा करत होते, आणि त्यांचे काम खरोखर वाईट नाही. पक्षी त्यांनी पाहिला तो थेट चित्रपटगृहात: बटाट्यासारखे डोळे, लांबलचक वाकडी मान, डोक्यावर चार विसकटलेले केस. प्रेक्षक हसू लागले तेव्हा मॉरो अंधारातच बाहेर पडले, असे त्यांनी पुढे सांगितले. हा चित्रपट पाहताना जे हसू येते त्यात त्या माणसाबद्दलचा आदर मिसळलेला असतो. निदान माझ्या बाबतीत तरी असतो. रो-मॅनबद्दल आपल्याला वाटणारी कीव याच जातीची असावी. पोशाखाच्या आतला माणूस आपले काम चोख करतो आहे, हे आपल्याला कळत असते.

वाटसरू

ठरवून केलेल्या वाईटपणाबद्दल थोडे लिहितो, कारण वर त्याला उत्तर मिळालेले नाही. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ साली ‘कॅम्प’ या, भडक आणि फसलेल्या गोष्टींतच गंमत शोधणाऱ्या अभिरुचीवर जे टिपण लिहिले, त्यात अजाण आणि जाणूनबुजून केलेला असा भेद केला आहे, आणि अस्सल प्रकार नेहमी अजाणच असतो असे त्यांचे म्हणणे आहे. ज्याला आपण गंभीर कलाकृती घडवत आहोत असे वाटते, त्याच्याच हातून ही गोष्ट घडते. जो डोळा मिचकावतो त्याच्या हातून ती निसटते.

१९५९ साली सर्वत्र प्रदर्शित झालेला एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ पाहा. १९८० साली एका पुस्तकाने घेतलेल्या वाचकांच्या कौलात तो आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरला आणि तेव्हापासून तो अमर झाला. ‘ड्रॅक्युला’ म्हणून गाजलेले नट बेला लुगोसी यांचे १९५६ च्या ऑगस्टमध्ये निधन झाले तेव्हा वुड यांच्याकडे त्यांची काही मिनिटांची मूक दृश्ये होती. ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांच्याभोवती पूर्ण चित्रपट उभा केला आणि उरलेल्या प्रसंगांत पत्नीवर मणक्याचे उपचार करणाऱ्या एका गृहस्थांना लुगोसींचा झगा घालून उभे केले. हे गृहस्थ लुगोसींहून स्पष्टपणे उंच असल्याने ते संपूर्ण चित्रपटभर चेहऱ्यासमोर झगा धरून वावरतात. पैसा एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून आला होता. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात, स्मशानातले थडगे धक्का लागून हलते. आणि तरीही परग्रहवासी ज्या चिंतेने पृथ्वीवर आले आहेत ती खरी आहे: माणूस फटाक्यापासून हातबाँब, मग अणुबाँब, मग हायड्रोजन बाँब असा चढत गेला, आता तो सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवील आणि विश्व नष्ट करील. वुड यांना हे सांगायचे होते. सांगायची घाई इतकी होती की थडगे नीट रोवायला ते थांबले नाहीत.

याच्या शेजारी २०१३ सालचा ‘शार्कनेडो’ ठेवला की फरक दिसतो. ‘द असायलम’ या कंपनीने तो ‘सायफाय’ वाहिनीसाठी बनवला आणि २०१८ पर्यंत त्याचे सहा भाग झाले. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु त्यातल्या कोणालाही काही सांगायचे नाही, त्यामुळे काही फसतही नाही. प्रेक्षकाने हसायचे कुठे हे आधीच ठरवून दिलेले असते, आणि नेमून दिलेल्या जागी हसणे हे काम आहे.

जाता जाता एक दुरुस्ती. वुड यांच्या तबकड्या म्हणजे मोटारीच्या चाकांची झाकणे किंवा कागदी ताटल्या होत्या, ही दंतकथा सर्वत्र सांगितली जाते. त्या दुकानात मिळणाऱ्या खेळण्यांतल्या, जोडून तयार करायच्या तबकड्या होत्या.

शंकासुर

आपण सर्व जण मोठ्या प्रेमाने लिहीत आहात, म्हणून कोणीतरी विरुद्ध बाजू मांडणे आवश्यक वाटते. गोरिला, बुटका राक्षस आणि केस विसकटलेला पक्षी हे या चित्रपटांतले मोजके क्षण आहेत. उरलेला चित्रपट रटाळ असतो, आणि ही गोष्ट त्यांचे चाहते स्वतःपासूनही लपवतात. सत्तर मिनिटांची लांबी गाठायची आणि राक्षस तर दोन मिनिटेच दाखवता येतो, अशा पेचात दिग्दर्शक माणसांना चालायला लावतो. ती मोटारीतून जातात, उतरतात, दार लावतात, पायवाटेने जातात, थांबतात, पुन्हा निघतात. १९५१ सालच्या ‘लॉस्ट कॉन्टिनेन्ट’मध्ये हरवलेले रॉकेट शोधायला निघालेली तुकडी एक डोंगर चढते, आणि तो चढ इतका वेळ चालतो की पाहणाऱ्याचे पाय दुखावेत. ज्याने हा चढ एका बैठकीत, घड्याळाकडे न पाहता पूर्ण केला असेल त्यानेच या चित्रपटांच्या थोरवीबद्दल बोलावे.

दुसरा मुद्दा पैशाचा. चित्रफीत यांच्या मांडणीवरून असा समज होतो की पैसा कमी असला की विज्ञानपट वाईट होतोच, आणि म्हणून तो क्षम्य आहे. क्रिस मार्कर यांनी १९६२ साली ‘ला जेते’ जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून उभा केला. अठ्ठावीस मिनिटांचा हा चित्रपट कालप्रवासावरच्या उत्तम चित्रपटांत गणला जातो. शेन करुथ यांनी सुमारे ७,००० डॉलरमध्ये ‘प्रायमर’ बनवला, तो २००४ साली प्रदर्शित झाला, आणि त्यातला कालप्रवास समजून घेण्यासाठी लोक अजून आकृत्या काढत बसतात. दोघांनीही आपल्या ऐपतीत बसेल अशीच कल्पना निवडली. पैसा नसताना मंगळावरचे नगर उद्ध्वस्त करायला निघणे ही परिस्थितीची सक्ती नव्हती. तो निवडीतला दोष होता, आणि दोषाला आपण निरागसतेचे नाव देत आहोत.

शिवाय या निरागसतेत बरेच काही निरागस नसते. प्रयोगशाळेत एक स्त्री शास्त्रज्ञ आहे हे कळताच पुरुष पात्रांना बसणारा आश्चर्याचा धक्का, तिच्या पदवीपेक्षा तिच्या दिसण्यावर खर्ची पडणारे संवाद, आणि संकट येताच तिने किंचाळावे ही अपेक्षा, यांकडे हसत हसत डोळेझाक होते. हलणारे थडगे पाहून मलाही हसू येते. या गोष्टी पाहून येत नाही.

अभ्रक

शंकासुर यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर वाद घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. रटाळपणाबद्दलही ते बरोबर आहेत, फक्त तो रटाळपणा मला अनुभवातून वजा करता येत नाही, एवढेच म्हणेन. नुसत्या गमतीदार तुकड्यांचे संकलन पाहिले तर पाच मिनिटांत कंटाळा येतो. अर्धा तास माणसे चालत राहिल्यानंतर गुहेतून गोरिला बाहेर आला की तो भेटीला आल्यासारखा वाटतो.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मला वेगळे म्हणायचे आहे. ‘ला जेते’ आपल्या मर्यादेलाच शैली बनवतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही उणे वाटत नाही. जॉन कार्पेंटर यांचा १९७४ सालचा ‘डार्क स्टार’ मध्ये कुठेतरी उभा आहे: त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे पाय जोडलेला समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा चेंडू आहे, हे चित्रपटाला ठाऊक आहे आणि तो त्याचा विनोद करून घेतो. (त्याचे सहलेखक डॅन ओ’बॅनन यांनी पुढे ‘एलियन’ची पटकथा लिहिली, हे लक्षात घेतले तर त्या चेंडूला साधा चेंडू म्हणण्याचे धाडस होत नाही.) ‘रोबॉट मॉन्स्टर’ यांपैकी काहीच करत नाही. तो मर्यादा झाकत नाही, तिचा विनोदही करत नाही. ती आपल्याला दिसणारच नाही अशा विश्वासाने पुढे चालत राहतो. निवडीतला दोष म्हणावा तर तो दोषच आहे, पण हा विश्वास सुज्ञ चित्रपटांत मिळत नाही आणि मी तिथे तो शोधायला जाणारही नाही.

हसण्यातल्या क्रौर्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही. ते उत्तर मला हवे आहे.

निळावंती

हसण्याविषयी लिहिते, पण थोड्या आडवाटेने.

सोव्हिएत संघात पावेल क्लुशान्त्सेव नावाचे एक दिग्दर्शक होते. त्यांनी १९६२ साली शुक्रावरच्या मोहिमेचा ‘प्लानेता बुर’, म्हणजे ‘वादळांचा ग्रह’, हा चित्रपट केला. धुक्याने भरलेला ग्रह, जमिनीवरून तरंगत जाणारे वाहन, पाण्याखालची दृश्ये आणि एक भलामोठा यंत्रमानव, हे सगळे त्यांनी ज्या कसोशीने उभे केले ती त्या काळात क्वचितच कुठे दिसते. कॉर्मन यांनी असे काही सोव्हिएत चित्रपट विकत घेतले आणि त्यांचे तुकडे वापरून स्वतःचे चित्रपट बनवून घेतले. १९५९ सालच्या ‘नेबो झोव्योत’चे पुनर्संकलन त्यांनी एका तरुण विद्यार्थ्याकडे सोपवले. मुळात मंगळाच्या शर्यतीची असलेली ही कथा आता पृथ्वीच्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतल्या स्पर्धेची झाली, राजकारण काढून टाकले गेले आणि मध्येच दोन राक्षसांची झुंज घुसवण्यात आली. तो विद्यार्थी म्हणजे पुढे ‘गॉडफादर’ दिग्दर्शित करणारे फ्रान्सिस फोर्ड कोपोला. ‘प्लानेता बुर’चे तर दोन वेगवेगळे अमेरिकी अवतार झाले. पहिल्यात बॅसिल रॅथबोन यांची काही दृश्ये जोडली गेली. १९६८ सालच्या दुसऱ्यात पीटर बोगदानोविच यांनी समुद्रकिनाऱ्यावर शिंपल्यांचे कपडे घातलेल्या काही स्त्रिया उभ्या केल्या आणि त्यांना शुक्रवासी ठरवले. त्या आणि सोव्हिएत अंतराळवीर अर्थातच कधी एका चौकटीत येत नाहीत, कारण दोघांच्या चित्रीकरणात काही वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर आहे.

हे अमेरिकी अवतार भयंकर आहेत. परंतु अशा चित्रपटात अर्धवट पेंगत असताना अचानक क्लुशान्त्सेव यांची एखादी चौकट समोर येते आणि माणूस सावरून बसतो. हे इथे कुठून आले, असे वाटून शोध सुरू होतो आणि एका फारसे नाव न झालेल्या मोठ्या दिग्दर्शकापर्यंत जाऊन पोचतो. वाईट विज्ञानपटांत चांगल्या गोष्टी अशा चुकून राहून गेलेल्या असतात. ‘रोबॉट मॉन्स्टर’चे संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचे आहे, अमेरिकेत साम्यवाद्यांची शोधमोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी यांच्या काळात डाव्या विचारांच्या संशयावरून मोठी कामे मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी असे चित्रपट स्वीकारले, आणि संगीत मात्र पूर्ण ताकदीने दिले. अभ्रक यांना गोरिलाची जी कीव येते, तिच्यात या संगीताचा वाटा किती आहे हे त्यांनी आवाज बंद करून एकदा पाहावे.

आता हसणे. १९८८ साली मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसन यांनी ‘मिस्टरी सायन्स थिएटर थ्री थाउजंड’ ही मालिका सुरू केली. एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या बाजूला सावल्यांच्या रूपात बसतात आणि वाईट चित्रपट पाहता पाहता शेरे मारतात. अनेकांना ती मालिका उपहासाची वाटते. मला तीत दुसरे काही दिसते. कथेनुसार तो माणूस अंतराळात एकटा अडकलेला आहे आणि त्याने सोबतीसाठी ते यंत्रमानव स्वतः बनवले आहेत. शेरे मारणे हा चित्रपटाला हिणवण्याइतकाच एकटेपणा घालवण्याचाही मार्ग आहे. शिवाय शेरा मारायचा तर चित्रपट लक्ष देऊन पाहावा लागतो. या मालिकेने ज्या चित्रपटांची खिल्ली उडवली त्यांतले कित्येक त्या खिल्लीमुळेच पुन्हा लोकांच्या नजरेस आले.

तरीही क्रौर्य कुठे सुरू होते याची एक रेषा मला दिसते. थडगे हलले म्हणून हसणे हे घटनेला हसणे आहे. एड वुड पुढच्या आयुष्यात दारू आणि गरिबीत बुडाले आणि १९७८ साली वारले. त्यांना सर्वांत वाईट दिग्दर्शकाचा मान मिळाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. त्या पुरस्काराच्या हसण्यात माणूस लक्ष्य होता आणि उत्तर द्यायला तो नव्हता. त्या हसण्यात मला सामील होता येत नाही, आणि ‘प्लॅन नाइन’ला मी आजही पोट धरून हसते. या दोन वाक्यांत विसंगती आहे असे मला वाटत नाही.

शंकासुर

निळावंती यांचा क्लुशान्त्सेव यांच्याबद्दलचा मजकूर वाचून मी मूळ ‘प्लानेता बुर’ पाहायचे ठरवले आहे. लक्षात घ्यावे की ही शिफारस एका चांगल्या चित्रपटाची झाली. वाईट चित्रपट पाहण्याचे सर्वांत भक्कम समर्थन हेच निघाले की त्यांतून चांगल्या चित्रपटांचा पत्ता लागतो, याची नोंद करून ठेवतो.

एक सरळ प्रश्न. ज्याला यांतले काहीच ठाऊक नाही त्याने सुरुवात कुठून करावी?

चित्रफीत

नोंद मान्य, आणि प्रश्नही रास्त आहे.

‘प्लॅन नाइन’पासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. त्याची कीर्ती इतकी मोठी आहे की प्रत्येक चुकीची वाट पाहत बसावे लागते, आणि वाट पाहून आलेली चूक हसवत नाही. ‘द जायंट क्लॉ’ हा पहिला चित्रपट म्हणून योग्य आहे. पहिली वीस-पंचवीस मिनिटे तो त्या काळातल्या कोणत्याही साधारण विज्ञानपटासारखा वाटतो. पक्षी केवळ एक धूसर आकृती म्हणून येतो, आणि त्यामुळे तो पूर्ण दिसतो तेव्हा मॉरो यांना चित्रपटगृहात काय वाटले असेल याची कल्पना येते. ज्याच्याबरोबर पाहाल त्याला पक्ष्याचे चित्र आधी दाखवू नका.

दुसरा, १९७८ सालचा इटालियन ‘स्टारक्रॅश’. आधीच्या वर्षीच्या ‘स्टार वॉर्स’च्या यशानंतर आलेला हा चित्रपट भडक रंगांच्या ताऱ्यांनी भरलेला आहे. त्याचे संगीत जॉन बॅरी यांचे आहे, आणि विश्वाचे सम्राट म्हणून क्रिस्टोफर प्लमर यांच्यासारखा कसलेला नट उभा आहे. संकटसमयी हे सम्राट आपल्या युद्धनौकेला काळाचा प्रवाह थांबवण्याची आज्ञा देतात आणि काळ थांबतो. प्लमर ते वाक्य जराही न चाचरता उच्चारतात. शंकासुर यांनी निदान तेवढा प्रसंग पाहावा. इथे डोंगर चढावा लागत नाही.

‘स्टार वॉर्स’ची हाव आणखी कुठवर गेली हे पाहायचे असेल तर १९८२ सालचा तुर्की ‘दुन्याय कुर्तारान आदाम’ आहे. त्यात नायक जुनेत आर्किन शिरस्त्राण घालून बसलेले असतात आणि त्यांच्या पाठीमागे मूळ अमेरिकी चित्रपटातली युद्धदृश्ये परवानगीशिवाय चालू असतात. तो मात्र थोडी सवय झाल्यावर पाहावा. हिंदीत १९६७ सालीच दारा सिंग अंतराळवीर होऊन चंद्रावर जाऊन आले होते, तो ‘चांद पर चढाई’ मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे, कारण त्यावर वेगळी चर्चा सुरू करण्याचा माझा विचार आहे.

शेऱ्यांसह असलेली आवृत्ती पहिल्या वेळी पाहू नये, एवढे निळावंती यांचा मान राखून सुचवतो. मालिकेच्या वेळेत बसवण्यासाठी चित्रपट कापलेले असतात, आणि कापले जाते ते बहुधा माणसे चालत असतानाचे.